लहान राज्याने काय लिहून घ्यावे

(फोंडा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



आंतरराष्ट्रीय संबंधांवरची व्याख्याने बहुधा मोठ्या राजधान्यांपासून सुरू होतात. मी फोंड्याच्या किल्ल्यापासून सुरुवात करतो. १७५६ च्या जून महिन्यात, ऐन पावसात, पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय कोंद द आल्वा स्वतः या किल्ल्यावर चाल करून आला आणि मराठ्यांशी लढताना मारला गेला. पोर्तुगालच्या राजाचा हिंदुस्थानातला प्रतिनिधी फोंड्याच्या या अंत्रुज महालासाठी जीव गमावतो, तेव्हा एवढ्याशा मुलखात एवढे काय होते, असा प्रश्न पडायलाच हवा.

इथे सरहद्द होती. तिसवाडी, बारदेस आणि सासष्टी सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोर्तुगीजांकडे गेली होती. खाडीपलीकडचा अंत्रुज विजापूरच्या आदिलशाहीत होता. १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी फोंडा घेतला. १६८३ मध्ये कोंद द आल्व्होर या व्हाइसरॉयने त्याला वेढा घातला, तेव्हा संभाजी महाराज धावून आले, वेढा मोडला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मराठ्यांनी जुवे बेटावर उतरून खुद्द गोवा शहराला घोर लावला. पुढे मोगल आले, सौंदेकर आले, पुन्हा मराठे आले, १७६३ मध्ये पोर्तुगीज आले. शंभर वर्षांच्या आत एवढे धनी झाले, तरी गावे तीच राहिली, गावकऱ्या त्याच राहिल्या, देसाई बहुतेक ठिकाणी तेच राहिले. वरचा झेंडा बदलत होता आणि खालच्या माणसांना दर वेळी नव्या धन्याशी बोलणी करावी लागत होती. ती बोलणी आपल्या लोकांनी कशी केली, कुठे साधली आणि कुठे फसली, हा माझा आजचा विषय. जगातल्या लहान राज्यांविषयी मला जे म्हणायचे आहे ते मी त्यातूनच शिकलो आहे.

सरहद्दीचा पहिला उपयोग आपल्या डोळ्यांसमोर आहे. १५६० च्या दशकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. भक्तांनी नदी ओलांडली, कारण पलीकडे वेगळ्या राज्याचा अंमल होता आणि तिथे पोर्तुगीजांचा हुकूम चालत नव्हता. आदिलशाहाने या देवतांसाठी काही विशेष केले असे नाही. त्याची हद्द तिथे होती, एवढेच पुरेसे ठरले. जगात एकच सत्ता नसून अनेक आहेत, ही गोष्ट दुबळ्या माणसाच्या किती कामाची असते, हे समजावायला मला फोंडा तालुक्याच्या देवळांपेक्षा चांगला दाखला माहीत नाही.

आता सौंदेकरांकडे येऊ. सौंदे म्हणजे आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिरसीजवळचे सोंदे. विजयनगरच्या छायेत सोळाव्या शतकात उभे राहिलेले हे राज्य घाटावरही होते आणि घाटाखालीही. मिरीचा व्यापार, घाटवाटांची जकात आणि चहूकडे बलवान शेजारी, अशी त्याची स्थिती. विजापूर, मोगल, मराठे, पोर्तुगीज या सर्वांशी त्याने वेळोवेळी जुळवून घेतले आणि दोनशे वर्षे ते टिकले. दोनशे वर्षे म्हणजे थोडी नव्हेत. आदिलशाहीही साधारण तेवढीच टिकली.

१७६३ मध्ये हैदरअलीने बिदनूर घेतले आणि त्याची फौज सौंद्याकडे वळली. राजा सवाई इम्मडी सदाशिव घाट उतरून गोव्यात पोर्तुगीजांच्या आश्रयाला आला. पोर्तुगीजांनी त्याला ठेवून घेतले, नेमणूक बांधून दिली आणि घाटाखालचा त्याचा मुलूख आपल्या ताब्यात घेतला. मुलूख राजाच्या वतीने सांभाळायचा, असे सुरुवातीचे बोलणे होते. सौंद्याची गादी पुन्हा उभी राहिली नाही आणि १७९१ च्या तहाने सांभाळायला दिलेले कायमचे गेले. सौंदेकरांचे घराणे इथेच, बांदोड्याला, स्थायिक झाले. एका राज्याचा शेवट आपल्या शेजारच्या गावात झाला आहे, आणि आपल्या शाळांत मुलांना तो क्वचितच सांगितला जातो याचे मला मनापासून वाईट वाटते.

सौंदेकरांनी चूक केली का? कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे बारावे अधिकरण दुबळ्या राजाविषयी आहे. बलवान चालून आला तर काय करावे, याची दोन जुनी मते तो आधी देतो. भारद्वाजाच्या मते सर्वस्वी नमावे. विशालाक्षाच्या मते सगळे बळ एकवटून लढावे. कौटिल्याला दोन्ही मान्य नाहीत. दुबळ्याने दुसऱ्या बलवानाचा किंवा अभेद्य दुर्गाचा आश्रय घ्यावा, असे तो सांगतो. चालून येणाऱ्याची जातही ओळखायला सांगतो. कोणी शरणागतीने संतुष्ट होतो, कोणाला जमीन आणि पैसा हवा असतो, कोणाला बायकामुले आणि प्राणही हवे असतात. सौंदेकरांनी केले ते या शास्त्राला धरूनच होते. हैदरापुढे नमले नाहीत, व्यर्थ मेले नाहीत, दुसऱ्या बलवानाकडे गेले. शास्त्र पाळूनही राज्य गेले. आश्रय देणारा जमीन हवी असणाऱ्यांपैकी निघाला तर काय करायचे, ही अडचण कौटिल्याच्या उत्तरातही शिल्लक राहतेच.

पण त्या व्यवहारात एक गोष्ट टिकली. १७६३ मध्ये फोंडा घेताना पोर्तुगीजांनी इथल्या देसायांना आणि रयतेला शब्द दिला की देवळांना, धर्माला, रीतिरिवाजांना आणि वतनांना हात लावणार नाही. जुन्या काबिजादींत, म्हणजे तिसवाडी, बारदेस आणि सासष्टीत, दोनशे वर्षांपूर्वी जे घडले ते नव्याने जिंकलेल्या या मुलखात, म्हणजे नव्या काबिजादींत, घडले नाही. कवळे, मंगेशी, म्हार्दोळ, नागेशी आजही उभी आहेत. पोर्तुगीजांचे मन पालटले म्हणून हे झाले, असे मी म्हणणार नाही. लिस्बनमध्ये तेव्हा पोंबालचा अंमल होता, त्याचे जेझुइटांशी वैर होते, तिजोरी रिकामी होती आणि नव्या मुलखाचा वसूल देसायांच्या राजीखुशीशिवाय हाती लागणार नव्हता. त्यांची गरज होती आणि त्या गरजेच्या क्षणी इथल्या लोकांनी अट घालून घेतली. १८५३ मध्ये नव्या काबिजादींच्या हिंदूंचे रीतिरिवाज कायद्याच्या संहितेतही नोंदले गेले. मोठ्याला तुमची गरज असते असे काही दिवस प्रत्येक लहानाच्या वाट्याला येतात. त्या दिवसांत जे लिहून घेतले तेच पुढे हाती राहते. मला आज मुख्यतः एवढेच सांगायचे आहे, आणि ते उलट्या बाजूने पाहण्यासाठी आपण पेडणे-डिचोलीला जाऊ.

पेडणे, डिचोली, साखळी हा सावंतवाडीकरांचा मुलूख. सावंत-भोसले कुडाळचे देसाई म्हणून वर आले. उत्तरेला कोल्हापूरकर, समुद्रात आंग्रे, दक्षिणेला पोर्तुगीज, पुढे मुंबईकर इंग्रज, आणि सगळ्यांच्या वर पुणे. शूरपणात सावंत कोणाला हार जाणारे नव्हते. १७३० मध्ये त्यांनी आंग्ऱ्यांच्या विरोधात इंग्रजांशी तह केला. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी हळर्णचा किल्ला, डिचोली आणि तेरेखोल घेतले. हळर्णच्या विजयाचे लिस्बनला इतके अप्रूप वाटले की व्हाइसरॉयची पदवीच बदलून मार्केश द आलोर्ना झाली. पेडण्यातल्या एका गावाचे नाव पोर्तुगालच्या एका मोठ्या सरदार घराण्याला कायमचे चिकटले. त्या मोहिमेत सत्तरीचे सत्रोजी राणे पोर्तुगीजांच्या बाजूने होते. पुढे त्याच राण्यांच्या वंशजांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंडामागून बंडे केली; १८५२ चे दीपाजी राण्यांचे बंड तर सर्वांना ठाऊक आहे. या बाजू बदलण्याला फितुरी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला त्यात सत्तरीच्या रानात आपले वतन राखू पाहणाऱ्या माणसाची धडपडही दिसते. सावंत जड झाले की फिरंग्यांकडे जायचे, आणि फिरंगी जड झाले की रानात शिरायचे. आज दोन महासत्तांच्या मधले देश काही वेगळे करतात असे मला वाटत नाही.

१७६५ मध्ये इंग्रजांनी रेडीचा यशवंतगड घेतला. तो सोडवायला सावंतांनी जो करार केला त्याची रक्कम उभी राहीना, तेव्हा १७६६ मध्ये वेंगुर्ले तेरा वर्षांसाठी गहाण पडले. मुदत सरल्यावरही ते सुखासुखी परत मिळाले नाही आणि १७८० मध्ये त्यावरून हातघाई झाली. पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांनी पुन्हा डिचोली घेतली आणि पाठोपाठ साखळीकडचा मुलूख गेला. तेव्हा गादीवर तिसरे खेमसावंत होते. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई ही जयाप्पा शिंद्यांची मुलगी. शिंद्यांच्या वजनाने त्यांना बादशहाकडून राजेबहादूर हा किताब आणि मोरचेलांचा मान मिळाला. कोल्हापूरकरांना ते सहन झाले नाही. १७८७ च्या सुमारास कोल्हापूरच्या फौजेने भरतगड, निवती, वेंगुर्ले घेतले. संकटात पडलेल्या खेमसावंतांनी पोर्तुगीजांची मदत मागितली आणि १७८८ मध्ये त्या मदतीचा मोबदला म्हणून पेडणे दिले.

दूरचा मोठा मित्र किताब देऊ शकतो. तो किताब जवळच्या शेजाऱ्याला खुपतो आणि शेजारी चालून येतो तेव्हा मित्र दिल्लीच्या राजकारणात गुंतलेला असतो. महादजी शिंदे १७८७ मध्ये लालसोटच्या लढाईनंतर स्वतःच अडचणीत होते. मग दुसऱ्या शेजाऱ्याला हाक मारावी लागते, आणि तो मोबदल्यात जमीन मागतो. खेमसावंतांना पोर्तुगीजांची मदत मिळाली. तिच्या जोरावर त्यांनी काही किल्लेही परत मिळवले. पण ते भांडण दहा-वीस वर्षांत निवले आणि पेडणे मात्र १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिले. मदतीची मुदत ठरली असती, मुलूख वेंगुर्ल्यासारखा गहाण म्हणून लिहिला असता, वसूल दिला असता आणि धनीपण राखले असते, तरी पेडणे राखता आलेच असते असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण पुढे भांडायला कागद तरी हाती राहिला असता. १८१९ च्या तहाने सावंतवाडीने इंग्रजांचे स्वामित्व मान्य केले आणि इतर कोणाशीही परस्पर बोलणे लावण्याचा हक्क सोडला. राज्याचे राज्यपण तिथेच संपले. गादी त्यानंतरही सव्वाशे वर्षे चालली.

कागदाला मी एवढे महत्त्व देतो याचे एक कारण याच भूमीतून आले आहे. सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर पणजीच्या दप्तरखान्याचे अनेक वर्षे प्रमुख होते. त्या दप्तरात शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची स्वतंत्र मालिकाच आहे. पिसुर्लेकरांनी ती वाचली, लावली, छापली. पोर्तुगीज राज्याच्या देशी वकिलांवर त्यांनी १९५२ मध्ये एक मोठा ग्रंथ पोर्तुगीज भाषेत काढला आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांवरचा त्यांचा मराठी ग्रंथ १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्यातून पुढे येतात पुण्याच्या दरबारात पोर्तुगीजांचे काम पाहणाऱ्या नारायण शेणवी धुम्यांसारखी माणसे. त्यांना मराठीचा मोडी कागदही वाचता येई आणि फिरंगी लिपीही. पुण्याशी गोव्याने बरोबरीने बोलणी केली ती यांच्या जोरावर. एरवी पोर्तुगीजांचे सैन्य अठराव्या शतकात मराठ्यांपुढे फारसे काही नव्हते. १७३९ मध्ये वसई गेल्यावर तर नव्हतेच.

म्हणजे पोर्तुगालसुद्धा एक लहान राज्यच होते. आपल्या मनात फिरंग्यांची जी प्रतिमा आहे तिच्यामुळे हे पटायला जड जाते. विसाव्या शतकात तर ते युरोपातल्या दुबळ्या देशांपैकी एक होते. त्यांनी गोवा १९६१ पर्यंत धरून ठेवला तो लहान राज्याच्या हातची सगळी हत्यारे वापरून, आणि ती हत्यारे नीट पाहण्यासारखी आहेत. अझोर बेटांवरचा लाजेसचा तळ अमेरिकेला हवा होता. १९४९ मध्ये नाटो स्थापन झाली तेव्हा पोर्तुगाल तिचा संस्थापक सदस्य होता. १९५१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने घटना बदलून वसाहतींना सागरपार प्रांत असे नाव दिले, म्हणजे वसाहतींचा हिशोब कोणी विचारला तर आमच्याकडे वसाहतीच नाहीत असे म्हणता यावे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रही पेडण्याच्या हद्दीवर पत्रादेवीला आले आणि निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले आणि आठच दिवसांत, २२ डिसेंबरला, त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. दमणहून दादरा-नगर हवेलीला जायला वाट मिळाली पाहिजे, हा तो दावा.

या दाव्याकडे मराठी माणसाने फार दुर्लक्ष केले आहे. हेगच्या त्या दालनात पेशवाईचे कागद वाचले गेले. पोर्तुगालचे म्हणणे होते की १७ डिसेंबर १७७९ च्या पुण्याच्या तहाने आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी मराठ्यांनी दादरा-नगर हवेलीची गावे आम्हाला कायमची दिली. तहात दमणजवळच्या गावांचा बारा हजार रुपयांचा वसूल नेमून दिलेला होता. पंधरा न्यायाधीशांसमोर प्रश्न उभा राहिला की पुण्याने नेमके दिले काय, मुलूख की मुलखाचा वसूल. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की मराठ्यांनी दिला तो वसुलाचा हक्क, जहागीर किंवा सरंजाम. स्वामित्व दिलेले नाही. नाना फडणविसांच्या काळातल्या मसुद्याची ही ताकद पावणेदोनशे वर्षांनी दिसली. पेडणे देताना जे झाले नाही ते इथे झाले होते. अर्थात पुढचाही भाग सांगितला पाहिजे. मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगीजांच्या स्वामित्वावर कधी आक्षेप घेतला नाही, म्हणून ते मान्य झाले असे न्यायालय म्हणाले. लिहून घेतलेल्या गोष्टीकडे पुढच्याने लक्ष ठेवले नाही, तर तीही झिजते. वाटेच्या हक्काबद्दल निकाल असा की सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, शस्त्रधारी फौजेला आणि पोलिसांना नव्हती. आणि भारताने वाट अडवली त्यात कर्तव्यभंग झाला नाही. हा शेवटचा मुद्दा नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरला. भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल एम. सी. सेटलवाड उभे होते आणि भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून एम. सी. छागला बसले होते.

आता १८ डिसेंबर १९६१. भारतीय फौजा गोव्यात शिरल्या होत्या आणि न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद बसली होती. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी युद्धबंदीचा आणि फौजा मागे घेण्याचा ठराव आणला. बाजूने सात मते, विरोधात चार. त्या चारांत सोव्हिएत संघाचा नकाराधिकार होता म्हणून ठराव पडला, आणि आपल्याकडे त्या रात्रीची गोष्ट एवढ्यावरच संपवली जाते. उरलेली तीन मते सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांची होती. नकाराधिकाराने ठराव अडवता येतो, पण बाजू न्याय्य आहे असे जगाला त्यातून पटत नाही. ते पटवण्याचे काम या तिघांनी केले. वसाहत ही मुळातच चालू असलेली आगळीक आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यामागे वर्षभरापूर्वीचा कागद होता. १४ डिसेंबर १९६० चा आमसभेचा १५१४ क्रमांकाचा ठराव वसाहतवाद संपवण्याबद्दलचा होता आणि दुसऱ्याच दिवशीच्या १५४२ क्रमांकाच्या ठरावात पोर्तुगालच्या वसाहतींची जी यादी आहे तिच्यात गोव्याचे नाव आहे. सालाझारने प्रांत म्हणून जे लपवले होते ते आमसभेने वसाहत म्हणून नोंदवले. तो ठराव मंजूर करणाऱ्यांत नुकतेच स्वतंत्र झालेले कितीतरी लहान देश होते. गोव्याच्या मुक्तीत त्यांचा वाटा आहे, आणि आपण तो कृतज्ञतेने सांगितला पाहिजे.

इथे एक प्रश्न टाळून चालणार नाही. १९६१ मध्ये भारत मोठा होता आणि पोर्तुगाल लहान. मग लहानांची बाजू घेणाऱ्याने कोणाच्या बाजूने उभे राहावे? माझे उत्तर मला स्पष्ट दिसते. राज्य लहान आहे म्हणून ते न्यायाने वागते असे होत नाही. त्या लहान राज्याच्या हाताखाली आणखी लहान माणसे होती. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांना अटक झाली, कारण इथे सभा घेण्याचासुद्धा हक्क नव्हता. गोमंतकीयांना काय हवे हे सालाझारने एकदाही विचारले नाही. लहान राज्याला जगाकडे जो न्याय मागायचा आहे तो त्याने आधी आपल्या रयतेला दिलेला असावा लागतो. नाहीतर त्याचे मित्र तळाच्या लोभाने काही काळ सोबत राहतात, शेजारी मात्र तोंड फिरवतात. पोर्तुगालच्या वाट्याला तेच आले. पुढे तिथली हुकूमशाही १९७४ मध्ये कोसळली आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला दिल्लीत यशवंतराव चव्हाण आणि मारिओ सोआरेश यांनी सह्या केलेल्या तहाने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य झाले. सावंत, सौंदेकर, पेशवे यांच्या तहांच्या लांब मालिकेतला हा शेवटचा तह, आणि त्यावर मराठी सही आहे.

सौंदेकरांना आणि खेमसावंतांना जे उपलब्ध नव्हते ते आजच्या लहान देशांना आहे. दोन बलवानांपैकी एकाचा आश्रय घेण्यापलीकडे तिसरी जागा आहे. एक व्यासपीठ आहे, एक न्यायालय आहे आणि प्रत्येकाला एक मत आहे. त्याचा वापर कसा होतो याची तीन उदाहरणे सांगतो.

माल्टाचे क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर. आपले पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके एकत्र केले तर माल्टापेक्षा मोठे भरतील. १ नोव्हेंबर १९६७ रोजी त्या देशाचे प्रतिनिधी आर्व्हिद पार्दो यांनी आमसभेत मांडले की खोल समुद्राचा तळ कोणा एकाचा नाही, तो सर्व मानवजातीचा वारसा आहे. तेव्हा तळावरच्या खनिजांकडे मोठ्या देशांचे डोळे लागले होते. त्या भाषणातून सुरू झालेले काम १९८२ च्या समुद्रविषयक करारापर्यंत पोहोचले. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांचा जो हक्क आज भारताला आणि म्हणून गोव्याच्या रापणकारालाही आहे तो याच करारात पक्का झाला. पार्दोंनी वेळ अचूक साधली होती. तळाची खनिजे काढण्याचे तंत्र हाती आल्यावर कोणी ऐकले नसते.

मॉरिशसचे उदाहरण आपल्या नात्याचे आहे. एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या माणसांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात. स्वातंत्र्य देण्याआधी, १९६५ मध्ये, ब्रिटनने चागोस बेटे मॉरिशसपासून तोडून घेतली आणि दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ उभा राहिला. तिथल्या रहिवाशांना उठवून लावले गेले. मॉरिशसने आधी आमसभेकडून प्रश्न न्यायालयाकडे पाठवून घेतला, २०१९ च्या फेब्रुवारीत आपल्या बाजूचे मत मिळवले, मे महिन्यात आमसभेत ११६ विरुद्ध ६ मते मिळवली आणि २२ मे २०२५ ला ब्रिटनने बेटांचे सार्वभौमत्व देण्याच्या करारावर सही केली. तळ मात्र दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने तसाच राहायचा आहे आणि उठवलेल्या माणसांचे अनेक प्रश्न बाकी आहेत. न्यायालयाचे मत हाती आले म्हणजे घर परत मिळत नाही. तरीही या करारात स्वामित्व आणि वापर वेगळे लिहिले आहेत, आणि वेंगुर्ले-पेडण्याचा इतिहास वाचलेल्या माणसाला त्याचे मोल लगेच कळते.

तिसरे वानुआतू. लोकवस्ती सुमारे तीन लाख, समुद्र चढतो आहे आणि वादळे वाढताहेत. २०१९ मध्ये दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी कल्पना काढली की हवामानबदलाबाबत देशांची कायदेशीर कर्तव्ये काय, हे जागतिक न्यायालयालाच विचारावे. वानुआतूने ती उचलली, देशामागून देश गोळा केले आणि २९ मार्च २०२३ ला आमसभेने तो प्रश्न एकमताने न्यायालयाकडे पाठवला. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने मत दिले की हवामानाचे रक्षण हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्याचा भंग केला तर जबाबदारी येते. विद्यार्थ्यांच्या वर्गातून निघालेला प्रश्न सहा वर्षांत हेगला पोहोचून उत्तर घेऊन आला.

आपले गोवा आज सार्वभौम राज्य नाही, एका मोठ्या संघराज्याचे ३,७०२ चौरस किलोमीटरचे घटक राज्य आहे. म्हणून हे सारे आपल्याला लागू नाही असे कोणी म्हणू नये. म्हादईच्या पाण्यासाठी आपण दोन मोठ्या शेजाऱ्यांसमोर लवादात उभे राहिलो तेव्हा कोणते आकडे, कोणत्या नोंदी, कोणते जुने कागद आपल्यापाशी आहेत हाच प्रश्न होता. २०१८ च्या निवाड्यानंतरही तो संपलेला नाही.

म्हणून माझी या व्याख्यानमालेच्या संयोजकांना आणि इथल्या महाविद्यालयांना एक विनंती आहे. पणजीच्या दप्तरखान्यात शेजारच्या राजांच्या पत्रव्यवहाराचे बाड आहे, मोडीतले कागद आहेत, सौंदेकर आणि सावंतवाडीकरांशी झालेले तह आहेत. पिसुर्लेकर १९६९ मध्ये गेले. मोडी आणि जुनी पोर्तुगीज या दोन्ही वाचू शकणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. फोंडा, डिचोली, पेडणे या तिन्ही तालुक्यांतून दर वर्षी दोन-तीन मुले जरी निवडली, त्यांना दोन्ही लिप्या शिकवल्या आणि दप्तरात बसवले, तर दहा वर्षांत आपल्यापाशी एक चांगला गट तयार होईल. १७८८ च्या पेडण्याच्या तहापासून त्यांनी सुरुवात करावी. त्याचा मराठी मजकूर आणि पोर्तुगीज मजकूर शेजारी शेजारी ठेवून, कलमावार, टिपांसह छापावा. त्यासाठी जे वाचन-मार्गदर्शन लागेल ते मी आनंदाने करीन.